यहूदा हालेवी: जवळिकीनें देवाला ओळखणारा कवि

तालुक्याच्या मामलेदाराचें नांव गांवांतील प्रत्येकास ठाऊक असतें. त्याचा हुकूम येतो, त्याच्या सहीचा कागद येतो, आणि त्यावरून असा एक अधिकारी आहे हें आपण मानतों. परंतु आपलें मूल तापानें फणफणलें असतां जो शेजारी मध्यरात्रीं कंदील घेऊन वैद्याकडे धांवत गेला, त्याची ओळख निराळी. ती कोणी वादविवाद करून आपल्यापासून काढून घेऊं शकत नाहीं. देवाची ओळख या दोहोंपैकीं कोणत्या प्रकारची असावी? हा प्रश्न लहान नाहीं. पुष्कळ जण देव आहे असें मानतात, त्याजविषयीं बोलतात, दुसऱ्यांस शिकवितातहि. परंतु संकट आलें म्हणजे त्यांच्या हातीं मामलेदाराच्या ओळखीपेक्षां अधिक कांहीं नव्हतें असें दिसून येतें.

सुमारें ९०० वर्षांपूर्वीं स्पेन देशांत यहूदा हालेवी नांवाचा एक यहूदी कवि व वैद्य होऊन गेला. त्यानें याच प्रश्नावर एक ग्रंथ लिहिला; आणि त्या ग्रंथांत जें त्यानें दुसऱ्यांस सांगितलें, त्यानेंच अखेर म्हातारपणीं त्यास स्वतःच्या घरांतून बाहेर काढलें. यहूदी लोकांची ओळख आमच्या कोंकणास जुनी आहे. तेल गाळणारे व शनिवारीं घाणा बंद ठेवणारे बेने इस्राएल लोक, ज्यांस शेजारीपाजारी शनवार तेली म्हणत असत, त्यांच्याविषयीं वाचकांनीं ऐकलेंच असेल. त्याच वंशांतील या पुरुषाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देतों.

बालपण व तरुणपण

यहूदाचा जन्म इ. स. १०७५ ते १०८५ यांच्या दरम्यान झाला. उत्तर स्पेनमधील तुदेला हें त्याचें जन्मस्थान असें आज बहुतेक विद्वान मानतात. बापाचें नांव शमुवेल. हालेवी म्हणजे लेवी वंशांतला. त्या काळीं स्पेन देश दुभंगलेला होता. उत्तरेस ख्रिस्ती राजे व दक्षिणेस मुसलमान अमीर राज्य करीत, आणि यहूदी लोक दोहोंच्या मध्यें कधीं मानानें तर कधीं भयानें राहत. इ. स. १०८५ मध्यें तोलेदो शहर ख्रिस्ती राजा आल्फान्सो सहावा याच्या हातीं आलें. पुढें लवकरच आफ्रिकेंतून अल-मोराविद नांवाचे मुसलमान लढवय्ये समुद्र ओलांडून आले. लढाई कोणाचीहि असो, लुटल्या जाणाऱ्यांत यहूदी असावयाचेच.

मुलगा मोठा बुद्धिमान होता. इब्री भाषेंत शास्त्र व अरबी भाषेंत इतर विद्या असें त्याचें शिक्षण झालें. विद्येच्या ओढीनें तो दक्षिणेस निघाला. असें सांगतात कीं, एका शहरीं कवींची बैठक बसली होती. ग्रानादाचा प्रसिद्ध कवि मोशे इब्न एज्रा याच्या एका अतिशय अवघड गीतासारखें गीत रचण्याचा तेथें पुष्कळांनीं प्रयत्न केला, पण तें कोणास साधलें नाहीं. या अनोळखी तरुणानें तें सहज रचून दाखविलें. मोशे इब्न एज्रा यास तें कळतांच त्यानें त्यास ग्रानादा येथें आपल्या घरीं बोलावून घेतलें. तेथें यहूदाचीं सुखाचीं वर्षें गेलीं. मित्रांचीं स्तुतिगीतें, लग्नांचीं गीतें, बागेंतल्या मेजवान्यांचीं गीतें त्यानें लिहिलीं. त्याचीं सुमारें ८०० गीतें आज उपलब्ध आहेत, आणि त्यांत कांहीं निव्वळ मौजेचीं आहेत. आम्ही हें लपवीत नाहीं. तो जन्मापासून साधु नव्हता.

इ. स. १०९० मध्यें ग्रानादा अल-मोराविदांनीं घेतलें. ती मित्रमंडळी उधळली गेली. मोशे इब्न एज्रा पुढें उत्तरेकडे परक्या मुलखांत दुःखांत राहिला, आणि यहूदा गांवोगांव फिरूं लागला.

वैद्य व त्याचें दुःख

कांहीं काळ यहूदा तोलेदो येथें राहून वैद्यकी करूं लागला. धंदा चांगला चालला. त्याचें एक पत्र आहे, त्यांत तो तक्रार करितो कीं, दिवसरात्र औषधोपचारांतच वेळ जातो, शहर मोठें आहे, धनी कठोर आहेत, आणि आपण ज्याला बरें करूं पाहतों तें बरें होतच नाहीं. एवढा नांवाजलेला वैद्य, आणि मनांत अशी खंत!

याच सुमारास एक घटना घडली. राजाच्या दरबारीं शलोमो इब्न फेरुझिएल नांवाचा एक यहूदी अधिकारी होता. तो कामगिरीवरून परत येणार म्हणून यहूदानें त्याच्या स्वागताचें गीत तयार करून ठेविलें होतें. इ. स. ११०८ मध्यें वाटेंतच त्या अधिकाऱ्याचा खून झाला, आणि स्वागत करणाऱ्या कवीस विलापगीत लिहावें लागलें. दरबारच्या मर्जीवर विसंबून आपल्या लोकांचें रक्षण होणार नाहीं, हें यहूदास त्या दिवशीं चांगलेंच कळलें असेल.

यहूदा केवळ गाणीं लिहीत बसला नाहीं. लढायांत व चांचेगिरींत धरून नेलेल्या माणसांस पैसे भरून सोडविणें हें यहूदी लोकांत मोठें पुण्यकर्म मानितात. तोलेदो येथें एक यहूदी स्त्री बंदींत होती. तिच्या सुटकेचे पैसे जमविण्यासाठीं यहूदानें आपल्या हातानें लिहिलेलीं पत्रें आजहि अस्तित्वांत आहेत. अमुक गांवाकडून इतके आले, तमुकाकडून इतके यावयाचे, असा साधा हिशेब त्यांत आहे. जो देवाच्या जवळिकीचीं गीतें लिहीत होता, तोच एका अनोळखी बाईसाठीं दारोदार वर्गणी मागत होता.

पुढें तो मुसलमानी राज्यांतील कोर्दोवा येथें राहूं लागला. त्यास एकच मुलगी होती. तिला झालेल्या मुलाचें नांव आजोबांच्याच नांवावरून यहूदा असें ठेविलें होतें. घर, कन्या, नातू, ग्रंथ, शिष्य, कीर्ति, या सर्वांनीं त्याचें म्हातारपण भरलेलें होतें.

खजर राजाचें पुस्तक

त्या काळच्या विद्वानांवर ग्रीक तत्त्वज्ञानाचा मोठा पगडा होता. हा तत्त्ववेत्ता म्हणे कीं, देव हा सर्वांचें आदिकारण आहे, परंतु तो एकेका माणसास ओळखीत नाहीं, कोणाची प्रार्थना ऐकत नाहीं. माणसानें आपली बुद्धि शुद्ध केली म्हणजे झालें, मग धर्म कोणताहि असो. शिकलेले तरुण अशा बोलण्यानें भुलत. त्यांत एका पंथभेदी यहूद्यानें यहूदास कांहीं प्रश्न लिहून पाठविले. त्यांस उत्तर देतां देतां एक पुस्तक सुरू झालें, आणि तें इ. स. ११४० च्या सुमारास पुरें झालें. आरंभीं यहूदा स्वतः त्यास एक क्षुल्लक लिखाण समजत असे. आज तें कुजारी या नांवानें जगप्रसिद्ध आहे. मूळ भाषा अरबी, लिपि इब्री, इ. स. ११६७ मध्यें यहूदा इब्न तिब्बोन यानें त्याचें इब्री भाषांतर केलें.

पुस्तक संभाषणाच्या रूपानें आहे. कास्पियन व काळा समुद्र यांच्या मधल्या मुलखांत खजर नांवाचे लोक राज्य करीत, आणि त्यांच्या राजानें यहूदी धर्म स्वीकारला होता अशी जुनी हकीकत आहे. तिच्याच आधारें यहूदानें आपली कथा रचिली. राजा आपल्या जुन्या धर्मांत मोठा श्रद्धाळू होता. त्यास वारंवार स्वप्न पडे, आणि त्यांत देवदूत त्यास सांगे कीं, तुझा हेतु देवाला मान्य आहे, परंतु तुझें आचरण मान्य नाहीं. राजा घाबरला. त्यानें प्रथम तत्त्ववेत्त्यास बोलाविलें. तत्त्ववेत्त्यानें सांगितलें कीं, देवाला तुझ्या आचरणाची पर्वाच नाहीं. राजा म्हणाला कीं, बोलणें तर सुंदर आहे, पण माझ्या प्रश्नाचें हें उत्तर नव्हे. ज्याला तहान लागली आहे त्याला पाण्याचें वर्णन पुरत नाहीं, अशा अर्थाची त्याची खंत होती. मग त्यानें ख्रिस्ती पंडितास व मुसलमान पंडितास बोलावून विचारिलें. शेवटीं त्यानें एका यहूदी गुरूस बोलाविलें. लोकांनीं तुच्छ मानलेला हा मनुष्य काय सांगणार, अशीच त्याची समजूत होती.

गुरूनें जगाच्या उत्पत्तीपासून आरंभ केला नाहीं. आम्ही अब्राहाम, इसहाक व याकोब यांच्या देवाला मानतों, ज्यानें आमच्या पूर्वजांस मिसर देशांतून बाहेर आणलें, असें त्यानें सांगितलें. राजास आश्चर्य वाटलें; त्यानें विचारिलें कीं, सर्व जगाचा उत्पन्नकर्ता असें कां सांगत नाहींस? तेव्हां गुरूनें जो दाखला दिला, तो आमच्या वाचकांस विशेष गोड वाटेल, कारण तो आमच्याच भारत देशाच्या राजाचा आहे.

गुरूनें विचारिलें कीं, भारतांत एक न्यायी राजा आहे असें तुला कोणीं सांगितलें, आणि प्रमाण म्हणून एवढेंच सांगितलें कीं तेथील लोक प्रामाणिकपणें व्यवहार करितात, तर तूं त्या राजाची सेवा करण्यास बांधला जाशील काय? राजा म्हणाला, नाहीं. लोक कदाचित् स्वभावानेंच चांगले असतील, राजा असेल किंवा नसेलहि. गुरूनें पुढें विचारिलें, बरें, त्या राजाचे दूत जर तुझ्या दारीं आले, आणि त्यांनीं ज्या वस्तु भारतांतील राजवाड्याशिवाय कोठेंहि मिळत नाहींत त्या आणल्या, बरोबर राजाचें पत्र आणलें, आणि अशीं औषधें आणलीं कीं ज्यांनीं तुझा रोग बरा झाला, तर? राजा म्हणाला, मग माझा संशय फिटेल, आणि मी त्याचा अंकित होईन.

वाचकहो, हा दाखला एका वैद्यानें लिहिला आहे हें ध्यानांत ठेवा. त्या काळीं भारतांतून मिरीं, लाख, लोखंड, हिरडे व नाना औषधी अरबी समुद्रांतून एडन बंदरीं व तेथून मिसर देशास जात. यहूदाचा परम मित्र हल्फोन बेन नथानेल हा मिसर देशाचा यहूदी व्यापारी होता. त्याचा व्यापार एका बाजूस भारतापर्यंत व दुसऱ्या बाजूस स्पेनपर्यंत चाले, आणि तो स्वतः भारतांत येऊन गेला होता. म्हणून दूरच्या राजाच्या औषधाचा दाखला यहूदास पोकळ कल्पना वाटत नव्हता. औषध लागू पडलें म्हणजे तें पाठविणाऱ्याविषयीं वाद उरत नाहीं, हें त्यास धंद्यानें माहीत होतें.

दोन नांवें

याच ग्रंथाच्या चौथ्या भागांत यहूदानें देवाच्या दोन नांवांचा भेद सांगितला आहे. आमच्या मराठी शास्त्रांतहि तो भेद दिसतो. एके ठिकाणीं देव असें लिहिलें आहे व दुसऱ्या ठिकाणीं परमेश्वर. आणि पुष्कळ वाचक तिकडे लक्ष देत नाहींत. यहूदा म्हणतो कीं, पहिलें नांव सामान्य आहे. सृष्टीकडे पाहून, विचार करून, कोणी तरी कर्ता असला पाहिजे असें अनुमान जो काढितो, त्याला त्या नांवाचा अर्थ कळतो. दुसरें नांव हें एखाद्या माणसाच्या स्वतःच्या नांवासारखें आहे. तें अनुमानानें कळत नाहीं. ज्याला देव भेटला, ज्याच्याशीं तो बोलला, ज्याला त्यानें हातीं धरून चालविलें, त्यालाच तें कळतें. या ओळखीस यहूदानें चव हा शब्द लाविला आहे. मुसलमान भक्तांमध्येंहि हा शब्द त्या काळीं रूढ होता, आणि दाविदाच्या नांवानें चालत आलेल्या एका स्तोत्रांतहि देवाचा चांगुलपणा चाखून पाहण्याचें आमंत्रण आहे. गुळाविषयीं शंभर गोष्टी ऐकल्या तरी जिभेवर ठेविल्याशिवाय गूळ कळत नाहीं, हें आमच्या ऊंस पिकविणाऱ्या बांधवांस फोड करून सांगण्याची गरज नाहीं.

यहूदाच्या मतें अब्राहामाचेंहि असेंच झालें. प्रथम तो ताऱ्यांकडे पाहून विचार करीत असे, व विचारानेंच देवापर्यंत पोंचूं पाहत असे. परंतु देव स्वतः त्याजकडे आला, तेव्हां त्यानें तें सर्व मागें टाकिलें. अनुमानानें जाणलेल्या देवासाठीं कोणी देश सोडीत नाहीं, कोणी प्राण देत नाहीं. ज्याची चव घेतली त्याच्यासाठीं मनुष्य दोन्ही करितो.

याचा अर्थ यहूदा बुद्धीचा शत्रु होता असा नव्हे. गणितांत व तर्कांत बुद्धि प्रमाण आहे असें तो मानी, आणि शास्त्रांत बुद्धीला खोटें पाडणारें कांहीं नाहीं असें तो सांगे. ग्रीक पंडितांसहि तो दोष देत नाहीं. त्यांस देवाकडून दूत मिळाले नाहींत, म्हणून ते आपल्या बुद्धीनें जेथवर जातां आलें तेथवर गेले, असें तो म्हणतो.

रोजची जवळीक

मग ही जवळीक साध्या माणसास कशी मिळावी? येथें यहूदा आम्हांस रानांत जाण्यास सांगत नाहीं. त्याचा भक्त म्हणजे एका शहराचा चांगला अधिकारी आहे. शरीर, डोळे, जीभ, इच्छा, राग, हे त्याचे प्रजाजन. त्यांस तो उपाशी मारीत नाहीं व मोकाटहि सोडीत नाहीं. प्रत्येकास त्याचा वांटा देतो, आणि मग काम पडेल तेव्हां ते त्याच्या हांकेस ओ देतात.

प्रार्थना ही आत्म्याची भाकर आहे असें तो समजावून सांगतो. सकाळच्या जेवणाची शक्ति जशी संध्याकाळच्या जेवणापर्यंत पुरते, तसा एका प्रार्थनेचा आशीर्वाद दुसऱ्या प्रार्थनेपर्यंत पुरतो. मध्यंतरीं माणूस धंद्यांत पडतो, नको तें ऐकतो, नको तें बोलतो, आणि आत्मा मलीन होतो. म्हणून पुन्हां प्रार्थनेची वेळ येते. ती वेळ दिवसाचें फळ होय, आणि शब्बाथ हें आठवड्याचें फळ होय. सहा दिवसांत जी झीज झाली ती सातव्या दिवशीं भरून निघते.

आणखी एक गोष्ट तो सांगतो, ती उदास चेहऱ्याच्या धार्मिकांनीं अवश्य ऐकावी. भय, प्रीति व आनंद या तिन्ही वाटांनीं मनुष्य देवाजवळ जातो. उपासाच्या दिवशीं रडून जितकी जवळीक मिळते, तितकीच सणाच्या दिवशीं भक्तिभावानें केलेल्या आनंदानेंहि मिळते. रडणें हें हंसण्यापेक्षां देवाला अधिक प्रिय आहे असें नाहीं.

परंतु आपल्या मनास येईल तशी भक्ति करावी हें मात्र त्यास पसंत नव्हतें. येथें पुन्हां वैद्य बोलतो. एका नांवाजलेल्या वैद्याच्या औषधांच्या खोलींत कोणी मूर्ख शिरला, आणि त्यानें प्रमाण व पथ्य कांहींच न जाणतां तींच औषधें लोकांस वांटलीं, तर जीं औषधें प्राण वांचवीत होतीं त्यांनींच माणसें मरतील. देवाजवळ जाण्याची वाट देवानेंच दाखवावी लागते, असा त्याचा यावरून बोध आहे.

लाजविणारा प्रश्न

आतां आम्ही या चरित्राच्या मर्माशीं आलों. पुस्तकाच्या दुसऱ्या भागांत गुरु मोठ्या प्रीतीनें पवित्र भूमीचें माहात्म्य सांगत आहे. देवाची जवळीक तेथें विशेष प्रगट झाली, संदेष्टे तेथें किंवा तिच्याविषयीं बोलले, असें तो सांगतो. तेव्हां राजा सरळ विचारितो कीं, असें जर आहे, तर तूं येथें काय करितोस? दिवसांतून तीन वेळां त्या दिशेस तोंड करून तुम्ही प्रार्थना करितां, मग तिकडे जात कां नाहीं? गुरूनें दुसऱ्या सर्व प्रश्नांस उत्तर दिलें होतें. या प्रश्नास त्याजवळ उत्तर नव्हतें. राजा, तूं मला लाजविलेंस, एवढाच त्याच्या बोलण्याचा भाव होता. आमच्या प्रार्थना म्हणजे पोपटाची बडबड झाली आहे, हेंहि त्यानें कबूल केलें.

हा प्रश्न राजाच्या तोंडीं घातला कोणीं? यहूदानेंच. लाज वाटली ती कोणाला? यहूदालाच. पुस्तकाच्या शेवटीं गुरु यरुशलेमेस जाण्यास निघतो. राजा त्यास अडवितो. तो म्हणतो कीं, आतां तेथें देवाचें दृश्य सान्निध्य नाहीं, शुद्ध मनानें तर कोठेंहि देवाजवळ जातां येतें, मग समुद्राचीं व जमिनीचीं संकटें कशाला? वाचकांपैकीं पुष्कळांच्या मनांत हाच विचार आला असेल, आणि आम्हीहि मानतों कीं देवाची जवळीक एका भूमीला बांधलेली नाहीं. परंतु गुरूचें उत्तर ऐकण्यासारखें आहे. जें करणें शक्य आहे तें न करितां नुसती इच्छा बाळगणें ही अपुरी भक्ति होय, असें तो सांगतो. पुस्तकाच्या आरंभीं देवदूतानें राजास हेच सांगितलें होतें कीं, हेतु चांगला पण कृति नाहीं. ज्या शब्दांनीं राजा जागा झाला, त्यांनींच गुरुहि जागा झाला.

इ. स. ११४० मध्यें यहूदानें स्वतः घर सोडिलें. त्याचें वय साठीच्या आसपास होतें. मित्रांनीं समजाविलें, कोणी पद्यांतून थट्टाहि केली. त्यांस त्यानें पद्यांतूनच उत्तर दिलें. कन्येची व नातवाची ताटातूट त्याच्या गीतांत दिसते. त्या वेळीं पवित्र भूमीची दशाहि कठीण होती. इ. स. १०९९ मध्यें क्रूस शिवलेलीं वस्त्रें घातलेल्या युरोपियन सैन्यानें यरुशलेम घेतलें, तेव्हां तेथील मुसलमान व यहूदी रहिवाशांची भयंकर कत्तल झाली, आणि पुढें यहूद्यांस त्या नगरांत वस्ती करण्याची मनाई होती. ख्रिस्ताचें नांव घेणाऱ्यांच्या हातून हें झालें, हें लिहितांना आमची मान खालीं जाते. यहूदा अशा नगराकडे निघाला होता कीं जेथें त्याचें स्वागत करणारें कोणी नव्हतें.

मिसर देशांत

समुद्रप्रवास खडतर झाला. वादळांत गलबत हेलकावत असतां मनुष्याचा जीव किती तुच्छ वाटतो, व अशा वेळीं तो कोणाचा हात धरितो, याचें चित्र त्यानें अनेक गीतांत काढिलें आहे. ता. ८ सप्टेंबर ११४० रोजीं तो मिसर देशांतील आलेक्सांद्रिया बंदरीं उतरला.

येथें त्याची निराळीच परीक्षा झाली. वादळानें जें केलें नाहीं तें आदरातिथ्यानें करूं पाहिलें. आहरोन इब्न अल-अम्मानी नांवाच्या न्यायाधीशानें त्यास आपल्या सुंदर घरीं ठेवून घेतलें. कवि आला असें ऐकून भेटीस येणारांची रीघ लागली. एका मनुष्यानें पैशांच्या भानगडींत त्याजवर फिर्यादहि केली, पण तींतून तो सुटला. पुढें तो नाईल नदीकांठीं फुस्तात येथें हल्फोनाकडे गेला. थंडीचे दिवस गेले, मेजवान्या झाल्या, पुन्हां स्तुतिगीतें लिहिलीं गेलीं, आणि मिसर देशांतहि देवानें चमत्कार केले होते असें तो लिहूं लागला. येथेंच राहा असा लोकांचा आग्रह होता. त्याच्या मनांत किती ओढाताण झाली असेल! मोठें संकट सोसून निघालेले किती तरी जण असे अर्ध्या वाटेवर, चांगल्या घरीं, चांगल्या मित्रांत अडकून पडतात.

तो अडकला नाहीं. वसंत ऋतूंत तो पुन्हां बंदरावर आला व गलबतांत जाऊन बसला. वारा उलट होता, म्हणून गलबत कांहीं दिवस बंदरांतच थांबलें. ता. १४ मे ११४१ रोजीं, यहूद्यांच्या सप्तकांच्या सणांत, पश्चिमेचा वारा सुटला आणि गलबत निघालें. त्यापुढची त्याची स्वतःची एकहि ओळ आज सांपडत नाहीं. त्याच वर्षीं मिसर देशांत लिहिलेल्या एका पत्रांत त्याचा उल्लेख मृत मनुष्याचा करावा तसा केलेला आहे. म्हणजे तीर सोडल्यावर थोड्याच महिन्यांत तो वारला.

चारशें वर्षांनंतर छापलेल्या एका ग्रंथांत अशी कथा आहे कीं, यरुशलेमेच्या वेशीपाशीं तो धुळींत गुडघे टेकून आपलें सायोनाचें विलापगीत गात असतां, एका घोडेस्वारानें त्यास घोड्याच्या टापांखालीं तुडवून मारिलें. ही कथा पुष्कळ काळ लोकांनीं रडत ऐकिली. परंतु तिला त्या काळचा आधार नाहीं, म्हणून आम्ही ती कथा म्हणूनच देतों. तें गीत मात्र आजहि मंदिराच्या नाशाच्या उपासदिवशीं यहूदी सभास्थानांत म्हणतात.

त्याच्या अखेरच्या दिवसांची खरी माहिती कशी मिळाली, हेंहि सांगण्याजोगें आहे. देवाचें नांव असलेला कागद फाडून टाकूं नये अशी यहूद्यांची रीत आहे. फुस्तातच्या जुन्या सभास्थानांत अशा कागदांची एक खोली शेंकडों वर्षें भरत गेली. इ. स. १८९६-९७ मध्यें शलोमो शेख्टर या विद्वानानें तेथील हजारों तुकडे केंब्रिज येथें नेले. त्यांत हल्फोनाचा पत्रव्यवहार होता, आणि त्यांत यहूदाच्या हातचीं पत्रेंहि होतीं. इ. स. १९५० नंतरच्या वर्षांत गोइटाइन नांवाच्या पंडितानें तीं ओळखून प्रसिद्ध केलीं. आठशें वर्षें अंधारांत पडलेल्या त्या कागदांत पैसे, गलबतें, वारा, निरोप अशा साध्या गोष्टी आहेत. त्यांवरून हें कळतें कीं, जवळिकीविषयीं लिहिणारा मनुष्य खरोखर निघाला होता.

आम्हांस बोध

यहूदा आपल्या पूर्वजांच्या धर्मांतच जगला व मेला. ख्रिस्ती व मुसलमान हे धर्म येणाऱ्या मशीहाची पूर्वतयारी आहेत असें तो मानी. त्याच्या सर्व मतांशीं आमचें जुळत नाहीं, आणि तो असता तर आमच्याशीं त्याचेंहि जुळलें नसतें. पण ज्या प्रश्नानें त्यास लाजविलें तो प्रश्न कोणत्याहि एका समाजाचा नाहीं.

उपदेशक बंधूंनो, आपण मंडळीपुढें उभे राहतों तेव्हां त्या दूर देशच्या राजाविषयीं काय सांगतों? तेथील लोक चांगले आहेत एवढेंच, कीं त्याचें औषध आपणांस लागू पडलें हें? आणि घरांत, शेतावर, बाजारांत, जो नवीन विश्वासी रोज तोंडानें प्रार्थना करितो, त्यानेंहि स्वतःस राजाचा तो प्रश्न विचारावा. ज्या दिशेस तोंड करून आपण रोज बोलतों, त्या दिशेस आपलें पाऊल कधीं पडलें आहे काय? तें पाऊल समुद्रापलीकडचें नसेल. भांडण झालेल्या भावाच्या दारापर्यंतचें असेल, सावकाराचें खोटें खत परत करण्यापर्यंतचें असेल, किंवा वाड्याबाहेर टाकलेल्या आजारी म्हातारीच्या खाटेपर्यंतचें असेल. म्हातारा यहूदा सुखाच्या घरांतून उठला आणि वाऱ्याची वाट पाहत गलबतांत जाऊन बसला. आपण उठलों तर वारा देणारा देव आपल्याहि जवळ आहे.